दहा वाजून एक मिनिट

मराठी शिकवणाऱ्या माणसाला समाजात मान असतो, असे म्हणतात. माझा अनुभव निराळा आहे. त्याला मान नसतो, मागण्या असतात. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कचे मानपत्र लिहून द्या, आजोबांच्या पंचाहत्तरीला चार ओळी जुळवून द्या. "तुम्हाला काय बाई, पाच मिनिटांचं काम!" हे वाक्य मी गेली वीस वर्षे ऐकत आले आहे. एखाद्या शस्त्रवैद्याला कोणी "जाता जाता एवढं अपेंडिक्स काढून द्या" म्हणाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

पण या सगळ्यात अर्ज लिहून द्यायला मला मनापासून आवडते. मानपत्रात खोटे लिहावे लागते; अर्जात माणसाला खरोखर काहीतरी हवे असते. म्हणून गेल्या कोजागिरीच्या आधी महिनाभर आमच्या गावच्या संगीत सभेचे चिटणीस दारात उभे राहिले, तेव्हा मी चहाचे आधण ठेवून कागदच पुढे ओढला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचे जुने नाट्यगृह आहे. कौलारू छप्पर, आत लाकडी सज्जा, पुढे फरसबंद अंगण आणि अंगणात एक बकुळीचे झाड. दर कोजागिरीला सभा तेथे गाण्याची बैठक करते. माणसे चांदण्यात सतरंज्यांवर बसतात, बारा वाजता केशरी दूध मिळते. निदान पूर्वी मिळत असे. अलीकडे दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद होतो, गवई अर्ध्यातून उठतात आणि चंद्र माथ्यावर येण्यापूर्वीच दूध वाटून मोकळे व्हावे लागते.

"बाई, बारापर्यंत परवानगी हवी," चिटणीस म्हणाले, "जरा जोर लावून लिहा."

मी जोर लावला. संगीत नाटकाची सगळी परंपरा पणाला लावली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याला 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी माणूस रात्र जागवून नाटके पाहत आला. 'वन्समोअर'च्या पावसात पदे लांबत गेली आणि प्रेक्षक दूधवाल्याबरोबर घरी पोचले. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. पुण्याच्या रमणबाग शाळेच्या पटांगणावर, अंगावर शाली आणि घोंगड्या घेऊन, लोक रात्र-रात्र ऐकत बसत. आपल्या रागांना घड्याळ असते. यमन संध्याकाळचा, बिहाग रात्र चढल्यावरचा, मालकंस आणि दरबारी मध्यरात्रीचे, ललित पहाट फुटतानाचा. मैफल रोज दहाला संपली, तर मालकंस आपल्या वेळेवर ऐकलेला माणूस पुढच्या पिढीत सापडणार नाही. शेवटी मी लिहिले : "रात्र ही केवळ झोपेसाठी नसते, हे आपणांस सांगणे न लगे." हे वाक्य वाचताना चिटणिसांचे डोळे पाणावले. माझेही थोडे पाणावले. आपल्याच लिखाणाने गहिवरणे ही आम्हा मराठीच्या मंडळींची जुनी खोड आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

काकूंना सभा म्हणजे माहेर. कोजागिरीचे दूध वर्षानुवर्षे त्याच आटवीत. पुढच्या रांगेतली डाव्या हाताची जागा त्यांची, हे गवयांनाही ठाऊक. पण उन्हाळ्यात काकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची झोप गेली ती गेलीच. काकू खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"अगं, बोलायला जीभ रेटत नाही," त्या म्हणाल्या. "पण ह्यांना गोळी घेऊन साडेनऊला निजवते. अंगणातले कर्णे आमच्या खिडकीसमोरच येतात. एकदा दचकून जागे झाले की पहाटेपर्यंत छातीला हात लावून बसतात. बारापर्यंत वाढवून मागताहेत म्हणे. मला एक हरकतीचा अर्ज लिहून दे. सभेला कळलं तर कळलं."

पहिला अर्ज मीच लिहिला, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी दुसरा कागद ओढला.

या खेपेला परंपरा उपयोगाची नव्हती, म्हणून मी नियम वाचले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. पुढे २०१० साली वाद्यांचीही त्यात भर पडली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दोन माणसे साधी गप्पा मारीत बसली, तरी आवाज साठाच्या आसपास जातो. यावरून ४५ म्हणजे किती कमी याची कल्पना यावी. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते, तेथे मर्यादा याहून खाली. बोलणाऱ्याला बोलण्याचा हक्क असला, तरी दुसऱ्याला बळेच ऐकवण्याचा हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट सांगितले आहे. हे सगळे मी नेटके मांडले आणि शेवटी लिहिले : "झोप हे आजारी माणसाचे अर्धे औषध असते, हे आपणांस सांगणे न लगे."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र या वेळी गहिवरले नाही. मला घाम फुटला होता.

नगरपालिकेने दोन्ही बाजूंना एकाच दिवशी बोलावले. चिटणिसांनी "तुम्ही हव्याच" म्हणून मला नेले. काकूंनीही "तू सोबत चल" म्हणून नेले. मुख्याधिकारी तरुण होते. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवले, एकदा वाचले, पुन्हा वाचले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"दोन्ही अर्जांत 'सांगणे न लगे' आहे," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत असं मराठी वर्षातून एकदा येतं. आज दोनदा आलं."

चिटणिसांनी काकूंकडे पाहिले, काकूंनी चिटणिसांकडे, आणि मग दोघांनीही माझ्याकडे. विद्यार्थ्याला कॉपी करताना पकडल्यावर तो कसा उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तशी मी उभी राहिले.

"मग बाई, तुम्हीच सांगा. माझ्या खुर्चीत बसून तुम्ही काय ठरवाल?"

वाचकहो, मला उत्तर सुचले नाही. अर्ज लिहिणाऱ्याला एक बाजू पुरते. निर्णय देणाऱ्याला दोन्ही बाजूंना त्याच गावात तोंड दाखवायचे असते. परवानगी हा शब्द एक असला, तरी आमच्या गावी तिची टेबले तीन आहेत, हेही त्या दिवशी समजले. नाट्यगृह किती वाजेपर्यंत द्यायचे, ते नगरपालिकेने ठरवायचे. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलिसांचा. आणि दहाऐवजी बारापर्यंतची सूट वर्षातून फार तर पंधरा दिवस देता येते; ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. त्यांत गणपतीचे दिवस असतात, नवरात्राचे असतात, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाताळ, ३१ डिसेंबर असतो. पंधराच्या पंक्तीत जो तो पान मांडायला धावतो. आमच्या जिल्ह्याच्या त्या यादीत कोजागिरी नव्हती.

"म्हणजे नाहीच," चिटणीस खालच्या आवाजात म्हणाले.

तेव्हा काकूच बोलल्या. "साहेब, मी हरकत घेतली ती गाण्याला नाही हो. कर्ण्यांना घेतली. मी लग्न होऊन आले, तेव्हा सभेची बैठक आत नाट्यगृहातच व्हायची. कर्णे नव्हते. दार लावलं की गल्लीत काही ऐकू यायचं नाही."

मी दोन्ही अर्जांत एवढी पाने खरडली, पण ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. शाकुंतलाच्या काळी गवयाचा गळा आणि नाट्यगृहाच्या भिंती यांवरच सारे चालत असे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले, ज्याला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले आणि जे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, तेही याच काळातले. अशी नाट्यगृहे माणसाच्या आवाजाच्या मापाने बांधलेली होती. बैठक रात्रभर चालायची, पण शेजारच्या घरात बाळंतीण निजत असे. रात्र आणि गाणे यांचे भांडण मुळात नव्हतेच. आपण गाण्याला कर्णा लावला आणि त्या दोघांच्या मध्ये भांडण उभे केले. मग दोष मात्र एकदा घड्याळाला दिला, एकदा शेजाऱ्याला.

मुख्याधिकाऱ्यांनी नियम उघडला. सभागृहासारख्या बंदिस्त जागेला दहाची अट तशी लागू नाही. आवाज बाहेर मर्यादेत राहिला म्हणजे झाले. त्यांनी निर्णय लिहिला : अंगणात दहापर्यंत. त्यानंतर बैठक नाट्यगृहात, दारे-खिडक्या बंद, ध्वनिक्षेपकाविना, रात्री साडेबारापर्यंत. अंगणातले कर्णे गल्लीकडे तोंड करून लावू नयेत.

यात कोणाचेच पुरते समाधान झाले नाही, हे सांगितलेच पाहिजे. आत दीडशेच माणसे मावतात. सज्जा कैक वर्षे दुरुस्तीवाचून बंद आहे. दहा वाजता अंगणातली निम्मीअधिक माणसे दाराशी अडली आणि परतली; त्यांत सायकलवरून आठ मैल आलेला एक मुलगा होता, त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आणि कोजागिरीला छपराखाली बसायचे म्हणजे चंद्र बाहेरच राहिला. चिटणीस तर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलत होते.

पण आतले गाणे! पहिली पाच मिनिटे ऐकू येत नाही म्हणून माणसे चुळबुळली. मग हळूहळू खोकले थांबले, पंखे बंद केले गेले, मोबाइल खिशात गेले. ऐकण्यासाठी कान पुढे करावा लागतो, हे आम्ही विसरून गेलो होतो. साडेअकराच्या सुमारास बाईंनी मालकंस सुरू केला. एवढ्या हळू आवाजात, की तंबोऱ्याच्या तारेवरून बोट निघाल्याचेही समजत होते. भिंतीपलीकडे एक आजारी माणूस निजला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. आणि त्या जाणिवेने गाणे उणे झाले नाही.

साडेबाराला दारे उघडली. दीडशे माणसे चपला हातात घेऊन, चोरासारखी अंगणात आली. चंद्र बकुळीच्या बरोबर वर होता. दूध वाटताना चिटणीस सर्वांना ओठांवर बोट ठेवून बजावीत होते.

मी एक पेला घेऊन घरी निघाले. काकू अंधारात गॅलरीत बसल्या होत्या.

"निजलेत," त्या कुजबुजल्या. "घोरताहेत चक्क. कधी संपलं? मला काहीच ऐकू आलं नाही गं."

हे समाधान होते की तक्रार, मला कळले नाही. बहुधा दोन्ही असावे. हरकत त्यांनीच घेतली होती आणि तिचा पहिला फटका त्यांनाच बसला होता. काय गायल्या, म्हणून त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी दुधाचा घोट घेतला, साखर कमी असल्याचे नोंदवले, आणि बराच वेळ चंद्राकडे पाहत राहिल्या.

"पुढच्या वर्षी हे बरे असले, तर मी आत येऊन बसेन," त्या म्हणाल्या. "पण जागा कुठाय? तो सज्जा आधी दुरुस्त करून घ्यायला हवा."

त्याप्रमाणे यंदा नगरपालिकेकडे तिसरा अर्ज गेला आहे : जुन्या नाट्यगृहाचा सज्जा दुरुस्त करून मिळावा, म्हणजे दहानंतर कोणालाही दाराशी अडवावे लागणार नाही. खाली पहिली सही चिटणिसांची आहे, दुसरी काकूंची, आणि तिसरी, थोडी थरथरती, काकांची. मजकूर माझा आहे. 'सांगणे न लगे' मी या वेळी मुद्दाम गाळले. सांगणे लागते, एवढे मला आता कळले आहे.