ट्रंकेतल्या साडीची मालकी

गेल्या बैठकीला मी फिकट गुलाबी फुलांची जुनी वायलची साडी नेसून गेले. आमच्यातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं हसत विचारलं, "हे काय नवीन खूळ? आपण हातमागाला बळ द्यायचं, की बंद पडलेल्या गिरणीच्या छापील साड्या हुडकत हिंडायचं?" प्रश्न थट्टेचा होता, पण माझ्या मनात राहिला. खूळ तर खरंच आहे. सहा वर्षं मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बचत गटांचं आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांचं काम करते आहे, आणि त्याच फिरतीत खटावच्या जुन्या वायल जमवते आहे. आज माझ्याकडे एकवीस साड्या आहेत.

तरुण मैत्रिणींना हे नाव ठाऊक नसेल. खटाव मकनजी ही मुंबईत भायखळ्याची, एकोणिसाव्या शतकातली कापडगिरणी. वायल म्हणजे बारीक सुताला जादा पीळ देऊन विणलेलं हलकं, झिरझिरीत सुती कापड. खटावची त्यावरची छपाई गाजली होती. गुलाबांचे ताटवे, वेली, पाण्यात रंग सांडावा तशी फुलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानं गिरणगावाचा कणा मोडला. १९९४ मध्ये गिरणीचे मालक सुनीत खटाव यांचा मुंबईत गोळ्या घालून खून झाला, तेव्हा गिरणीच्या जमिनीचा वाद पेपरांतून गाजत होता. आज त्या जमिनीवर उंच निवासी मनोरे आहेत. नवी साडी निघत नाही, म्हणून जुनीला भाव आला. शहरातल्या प्रदर्शनांत तिला 'व्हिंटेज' म्हणतात, आणि तिचे झालरीचे लांब फ्रॉक शिवून विकतात.

आपल्या चळवळीत फुलाफुलांच्या साडीकडे जरा नाक मुरडूनच पाहिलं गेलं. आपलाही एक गणवेश होताच की! हातमागाची साडी, खणाचं पोलकं, खांद्याला झोळी. नटणंमुरडणं म्हणजे पुरुषांच्या नजरेसाठी, असं आपण शिबिरांतून सांगितलं. त्यात तथ्य आहे, पण ते पुरतं नाही, हे मला उजनीच्या पाण्याकाठच्या एका मावशींनी शिकवलं.

मावशी आता पासष्टीच्या घरात आहेत. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आल्या तेव्हा घरातल्या सगळ्या बायका नऊवारी लुगडं नेसत. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून मावशींनी पैसे साठवले आणि बारामतीच्या पेठेतून निळ्या फुलांची खटाव वायल आणली. पाचवारी, गोल नेसायची! सासूनं आठ दिवस अबोला धरला. नवरा म्हणाला, मास्तरीण झालीस काय. मावशी ती साडी वर्षातून दोनतीनदाच नेसल्या. पण ती ट्रंकेत आहे, एवढं त्यांना पुरत होतं. आयुष्यात स्वतःच्या पैशानं आणि स्वतःच्या पसंतीनं घेतलेली पहिली वस्तू ती. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या, डोरलं सासूनं घातलेलं. साडी तेवढी त्यांची.

ती साडी मी त्यांच्याकडून तीनशे रुपयांना घेतली.

त्यांनी आनंदानं दिली. दारावर येणारी बोहारीण तिच्यावर एक पातेलंही द्यायला तयार नव्हती. ती साडी उजेडाला धरते, विरलेली जागा बोटानं दाखवते आणि भांडं लहान करत जाते. मला तिचा राग येत नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती उन्हातान्हात दहा दारं हिंडते, तेव्हा कुठं तिचं गाठोडं भरतं. आपल्याकडच्या जुन्या कपड्यांचा हा सगळा व्यापार तिच्यासारख्या बायकांच्या पायांवर उभा आहे. पण ती निदान समोरासमोर घासाघीस करते. मी ते केलं नाही. मी 'ताई' म्हणून गेले होते, बचत गटाची वही घेऊन. ताईंशी घासाघीस कोण करणार?

पुढं माझ्या एका मैत्रिणीनं ती साडी मागितली. ती जुन्या साड्यांचे कपडे शिवून विकते. मी दिली. तिनं दोन फ्रॉक केले आणि पुण्याच्या एका प्रदर्शनात चार हजारांना एक असे विकले. त्यात शिलाई आहे, जागेचं भाडं आहे, तिची नजर आहे, हे सगळं मान्य. तरी हिशेब मला टोचत राहिला. पुढच्या दिवाळीत गटाची बैठक संपल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, ती निळ्या फुलांची माझी साडी हाय न्हवं तुमच्याकडं? नातीला दावायची व्हती. एक डाव आणता का?"

पैसे देऊनही ती त्यांच्या लेखी 'माझी साडी'च होती. मी खरं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला आत गेल्या.

माझं म्हणणं काय, ते आता मांडते. जुन्या साड्या जमवू नयेत, विकत घेऊ नयेत, असं मी म्हणत नाही. ट्रंकेत कसर लागून जाण्यापेक्षा कुणीतरी हौसेनं नेसावी, हे चांगलंच. पण घेताना बाजारातला भाव विकणाऱ्या बाईला सांगितला पाहिजे, आणि विचार करायला तिला आठ दिवस दिले पाहिजेत. ज्या घरात आपण मदतीसाठी जातो, तिथं आपण गिऱ्हाईक म्हणून जाऊच नये. मी आता गटातल्या बायकांकडून साडी घेत नाही. बाजारातून घेते, बोहारणींकडून घेते, मागतील तो भाव देऊन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बाईच्या कपड्याला किंमत नसते, असं आपणही धरून चाललो आहोत. नवऱ्यानं हाकललेल्या बाईबरोबर आपण तिचं सामान आणायला जातो, तेव्हा काय आणतो? दागिने, कपाट, भांडी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ (८) खाली स्त्रीधनाबरोबरच तिच्या इतर मालमत्तेचाही ताबा परत देण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. घटना अहवालाच्या नमुन्यात स्त्रीधनाची यादी जोडायची सोय आहे. स्त्रीधन बाईचंच राहतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. त्या खटल्यातल्या मागणीत कपडेही होते. तरी मी स्वतः भरलेले जुने अहवाल काढून पाहिले, तर बहुतेकांत दोनच शब्द: 'वापरातले कपडे'.

हे दोन शब्द लिहिले की सासरचे लोक चार फाटकी पातळं बोचक्यात बांधून देतात आणि पंचांसमोर हात झटकतात. बाकीच्या साड्या नणंदेच्या अंगावर दिसतात, नाहीतर गोधडीत जातात. एका प्रकरणात तर नवऱ्यानं बायकोच्या साड्या अंगणात जाळल्या. तिला सगळ्यात जास्त कशाचं दुःख झालं, हे मी तेव्हा विचारलंदेखील नाही. मंगळसूत्राचं वजन मात्र ग्रॅममध्ये लिहून घेतलं.

आता मी यादी करताना विचारते: साड्या किती? कुणी घेतल्या? कुठली तू स्वतः घेतलीस? सुरुवातीला बायका लाजतात, मग बोलू लागतात. रंग सांगतात, काठ सांगतात, दुकान सांगतात. गेल्या महिन्यात एकीनं चौदा साड्या तोंडपाठ सांगितल्या. मी चौदाही लिहिल्या, एका ओळीत एक. संरक्षण अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण यादी स्वीकारली. नऊ परत मिळाल्या, पाचांसाठी अजून तारखा चालू आहेत.

मावशींच्या साडीचा पदर मैत्रिणीकडे शिल्लक होता, हातभर रुंद. तो मी नेऊन दिला. त्यांनी तो घडी घालून ट्रंकेत ठेवला.

तुमच्या भागात सामानाच्या यादीत साड्या लिहिल्या जातात का? लिहिल्या तर परत मिळतात का? मैत्रिणींनो, अनुभव जरूर कळवा.