रुमालाखालचा भाव

आमच्या पहूरकडे कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पेढ्याआधी प्रश्न येतो, "कितीला पडली भो?" या प्रश्नाचं खरं उत्तर मी तरी अजून ऐकलेलं नाही. काही जण आकडा वर नेतात, कारण गाडी जितकी महाग तितकं वजन जास्त. काही जण खाली आणतात, कारण "शोरूमवाल्याला कसा वाकवला" हेही सांगायचं असतं. तिसरे नुसते हसतात आणि म्हणतात, "पडली आपली, घ्या पेढा घ्या."

या तिसऱ्या हसण्याबद्दलच आज लिहायचं आहे. माझं स्पष्ट मत असं की आपल्या भागात मोठी गाडी घेताना जे पैसे जास्त जातात, ते आपल्याला घासाघीस येत नाही म्हणून जात नाहीत. घासाघीस आपल्या रक्तात आहे. आपण एकमेकांना भाव सांगत नाही, म्हणून ते जातात.

जुन्या लोकांनी बैलबाजारातला सौदा पाहिलेला आहे. दलाल उपरणं नाहीतर रुमाल हातावर टाकायचा, त्याखाली घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची बोटं धरायची, बोटांवरच आकडा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. शेतमालाच्या बाजारातही हीच चाल होती, तिला हत्ता पद्धत म्हणत. शेतकरी माल घेऊन उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव दोन व्यापारी रुमालाखाली ठरवणार! बाजार समित्या आल्या, १९६३ चा राज्याचा कायदा आला, आणि शेतमालासाठी उघडा लिलाव आला. बाजार समितीबद्दल तक्रारी हजार असतील (मलाही आहेत), पण भाव चारचौघांत मोठ्यानं बोलला जावा हे तत्त्व आपल्या आजोबांच्या पिढीनं मिळवलेलं आहे.

आता एसीतल्या शोरूममध्ये जाऊन पाहा. रुमाल तिथे परत आलाय. फरक एवढाच की त्याखाली एकट्या विकणाऱ्याचा हात आहे. काल जामनेरच्या गिऱ्हाइकाला किती सोडले, परवा पाचोऱ्याच्या डॉक्टरला किती सोडले, हे सगळं त्याला माहीत. आपल्याला फक्त आपला आकडा माहीत, आणि तोही त्यानंच सांगितलेला.

रक्कमही लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. म्हणजे शोरूममध्ये सोडून दिलेले ४० हजार म्हणजे जवळजवळ पाच क्विंटल कापूस. काट्यावर वजनात दोन किलो इकडचे तिकडे झाले तर भांडणारे आपण, आणि तिथे पाच क्विंटल चहाच्या कपाबरोबर देऊन येतो.

गाडी घेऊच नये असं मी म्हणणार नाही. आठ माणसांचं घर, जळगाव चाळीसेक किलोमीटर, शेताचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, आता तिथे मोठ्या लाइनीचं काम. काळीपिवळीत कोंबून जाण्याचे दिवस मागे पडले. १९९४ ला सुमो आली, २००० ला बोलेरो, २००२ ला नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ. खान्देशात या गाड्या शौकाआधी गरज म्हणून शिरल्या. प्रश्न गाडीचा नाहीच, कागदाचा आहे.

शोरूमवाला जो कागद देतो त्यावर खाली एक ठसठशीत आकडा असतो, 'ऑन रोड'. आपण त्याच आकड्यावर भांडतो. "एकोणीस-चाळीस म्हणताय, एकोणीस करा." तो मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो, पाच मिनिटांनी तोंड पाडून येतो आणि म्हणतो, "साहेब, फक्त तुमच्यासाठी पंधरा हजार." आपण खूश. खरं तर त्या आकड्याच्या पोटात सहा-सात वेगवेगळे आकडे असतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

रोड टॅक्स घ्या. तो सरकारचा, त्यात घासाघीस नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, दहा ते वीस लाखांत १४, त्यावर १५. पेट्रोलला याच क्रमानं ११, १२, १३. म्हणजे सोळा लाखांच्या डिझेल गाडीला २ लाख २४ हजार. हा हिशोब घरी कागदावर करता येतो, मग तो शोरूममध्ये 'अंदाजे' का असावा? अंदाजे लिहिलेला आकडा नेहमी वरच्या बाजूला झुकलेला असतो.

जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर तो २९-३१ वरून १८ वर आला. ही कपात सरकारनं केली आणि ती छापील किमतीत आधीच उतरलेली आहे. कुणी ती 'आमची सूट' म्हणून दाखवत असेल तर शांतपणे म्हणावं, "ते झालं सरकारचं, आता तुमचं सांगा."

दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो. सोळा लाखांवर सोळा हजार. हा आपला आगाऊ भरलेला आयकर असतो, पॅनवर जमा होतो, आणि विवरणपत्र भरलं की कर निघत नसेल तर परत मिळतो. आपल्याकडे गंमत अशी की ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं, तो म्हणतो मला कुठे टॅक्स आहे, मी कशाला रिटर्न भरू! आणि सोळा हजार तसेच सोडून देतो. त्या एका वर्षापुरतं तरी भरा की राव.

विमा म्हणजे तर खरी खाण. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. तो शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही. तेच कव्हर, गाडीची तीच धरलेली किंमत, तेच ॲड-ऑन ठेवून बाहेरून दोन भाव काढा आणि समोर ठेवा. बऱ्याचदा शोरूमवालाच तेवढ्यावर येतो. जुनी गाडी विकणार असाल तर आधीच्या विम्यावरचा नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून तुमचा असतो, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत. विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. 'एक्स्चेंज बोनस'च्या आनंदात जुनी गाडी देऊन टाकणारे हे पत्र घ्यायचं विसरतात आणि आयुष्यभर नीट गाडी चालवल्याचं बक्षीस घालवून बसतात.

मग 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक', 'डेपो चार्ज' असल्या ओळी. शोरूमच्या दारापर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. पुन्हा तो कशाचा? ही ओळ खोडायला सांगावी, आवाज न चढवता. ॲक्सेसरीजचं 'पॅकेज' नको असेल तर नको म्हणावं. तीस हजारांच्या मॅट आणि सीटकव्हर फुकट म्हणजे तीस हजारांची सूट असं समजू नये, त्यांना ते तीस हजाराला पडत नाही. सूट हवी ती बिलात, पैशात.

आणि कर्ज. शोरूममधल्या टेबलावर बसलेला बँकेचा माणूस गोड बोलतो, हप्ता 'फक्त एवढाच' म्हणून सांगतो. बारा लाखांच्या कर्जावर सात वर्षांत ९ आणि साडेनऊ टक्क्यांतला फरक साधारण पंचवीस हजारांवर जातो. आपल्या बँकेत एक चक्कर मारण्याची ही मजुरी वाईट नाही.

हे सगळं इंटरनेटवर मिळतं, तुम्ही म्हणाल. मिळतं. पण एक गोष्ट मिळत नाही. याच महिन्यात, याच मॉडेलवर, जळगावात खरोखर किती सोडताहेत? हे फक्त ज्यानं नुकतीच घेतली त्यालाच माहीत असतं. आणि तो हसून पेढा पुढे करतो!

हे उघडं केलं तर काय होतं, याचं उदाहरण अजिंठ्याचा घाट चढून गेलं की सापडतं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा, आणि स्टेट बँकेचं कर्ज ७ टक्के व्याजानं. तेव्हा पेपरात सगळीकडे 'औरंगाबाद किती श्रीमंत झालं' एवढंच छापून आलं. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. दीडशे माणसं एका भावावर आली. एकट्यानं जाऊन ना गाडीवर तशी सवलत मिळाली असती ना व्याजावर. २०२५ मध्ये जैन व्यापाऱ्यांच्या 'जितो' या संघटनेनं देशभरातल्या सभासदांसाठी असाच सौदा करून १८६ महागड्या गाड्या घेतल्या आणि २१ कोटींच्या आसपास वाचवले. म्हणजे ज्यांच्याकडे मुळात पैसा आहे ते एकमेकांना भाव सांगतात, आणि कापसाच्या पैशातून घेणारे आपण लपवतो. उलटं असायला हवं होतं, नाही का?

कुणी म्हणेल, आपल्याला कुठे दीडशे घ्यायच्यात? खरंय. पण दसरा ते आखाजी एवढ्या काळात आपल्या नात्यागोत्यातल्या, आसपासच्या चार-पाच गावांतल्या किती जणांच्या दारात तेच मॉडेल येतं ते मोजून पाहा. पाच जणांनी नुसतं आपापलं कोटेशन एकमेकांना दाखवलं तरी पुष्कळ झालं.

मुहूर्ताबद्दलही बोलायला हवं, थोडा राग पत्करून. पाडवा, आखाजी, दसरा हे मुहूर्त आपले आहेत, ते पाळावेत. पण पहिल्याच भेटीत "दसऱ्याला दारात पाहिजे" असं सांगून टाकणं म्हणजे बाजारात बैलाला हात लावायच्या आत "मला हाच न्यायचाय" म्हणण्यासारखं आहे. भाव आधी ठरवा, लेखी घ्या, मग तारीख सांगा. सगळं घर घेऊन जायचं ते रंग पसंत करायला, भाव करायला नको. काकूंनी "आम्हाला पांढरीच आवडली" म्हटलं की सौदा तिथेच संपतो :) वर्ष संपताना सूट वाढते हे खरं, पण ती गाडी सरत्या वर्षाची असते आणि आरसी बुकावर उत्पादनाचा महिना-वर्ष येतो, पुढे विकताना तो मोजला जातो. घ्यायची तर हे धरून घ्या.

अजून एक. समोर टाय लावून बसलेला पोरगा बहुधा आपल्याच तालुक्यातला असतो. महिनाअखेरीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर, पगार बेताचा. त्याला "तुम्ही सगळे चोर" म्हणण्यात काही मर्दुमकी नाही. भाव त्याच्या हातातही नसतो. त्याला चहा विचारा, नावानं हाक मारा, आणि मग एकेक ओळ पुढे सरकवा. हिशोब पक्का असणाऱ्याला ओरडावं लागत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक चांगल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

नातेवाईक हे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून शेवटचं थेट त्यांनाच. यंदा ज्यांच्या ज्यांच्या दारात गाडी आली त्यांनी खरे आकडे घरच्यांना सांगावेत. एक्स-शोरूम किती, बिलात सूट किती, विमा कितीला, व्याज काय, कोणती ओळ खोडली आणि कोणती नाही खोडता आली. जास्त गेले असतील तर तेही सांगावं, त्यात कमीपणा कसला? तुमचे गेले ते गेले, पुढच्या घरातले वाचतील. आमच्या चुलतभावाला मार्गशीर्षात घ्यायची आहे, सात सीटची, डिझेल. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कोटेशनचा फोटो त्याला पाठवून द्या. पेढे नंतर खाऊ.