घास चावायला वेळ हवा, दातही हवेत

मिरकरवाड्याच्या जेटीवर लाँच लागली की जेवणाचे भान राहत नाही. टोपल्या उतरवायच्या, मासळी निवडायची, बर्फ भरायचा. त्यातून दहा मिनिटे मिळाली की डबा उघडून भात-कालवण पोटात ढकलायचे. घरी आल्यावरही तीच सवय. भात मऊच असतो, त्याला काय चावायचे, असे आम्हीही म्हणत आलो. पण भाताचे पचन तोंडातच, लाळेपासून सुरू होते, आणि पोटाला दात नसतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत उरकणारा तोवर गरजेपेक्षा जास्त जेवून बसलेला असतो. मग आंबट ढेकर, जळजळ आणि सोड्याची पुडी. पेडवे-बांगड्याचा काटा घशात अडकतो तोही घाईतच. अशा वेळी कोरड्या भाताचा गोळा गिळू नये, काटा आणखी खोल रुततो. सरळ डॉक्टरकडे जावे.

कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात जेवून धापा टाकत भगवंतांपुढे येऊन बसला, अशी कथा संयुत्त निकायात आहे. भगवंतांनी उपास सांगितला नाही की गंडादोरा दिला नाही. भान ठेवून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज शंभर कहापण देऊन ती जेवताना म्हणायला लावली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला, अंग हलके झाले. सतिपट्ठान सुत्तातही खाताना, पिताना, चावताना, चव घेताना सावध राहायला सांगितले आहे. ‘चावताना’ हे वेगळे सांगितले, याचे आम्हाला विशेष वाटते.

राजाला वेळ होता, आपल्याला कुठे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे, म्हणून नुसते ‘बत्तीस वेळा चावा’ सांगून आमचे समाधान होत नाही. कोळंबी सोलायला, मासळीच्या कारखान्यात जाणाऱ्या भगिनींनी लक्षात ठेवावे, की २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावीच लागत होती. कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मांडले ते मजूरमंत्री बाबासाहेबांनीच. ही सुट्टी मागण्यात लाज कसली? जेटीवर रोजंदारी असेल तर सगळ्यांनी मिळून मुकादमाशी बोलावे.

दुसरी गोष्ट दातांची. आमच्या वस्तीत पहाटे उठून मिश्री लावणाऱ्या आया-बहिणी अजून आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत. हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पोरांच्या गुटखा-सुपारीने तर तोंड उघडेनासे होते, मग घास चावायचा कसा? हलणारा दात, बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर जिल्हा रुग्णालयात दाखवावे.

आणि घरची बाई? सगळ्यांना वाढून ती शेवटी, चुलीपाशी उभ्याने दोन घास खाते. तिला कोण म्हणणार, सावकाश जेव म्हणून?

जून-जुलैत मासेमारी बंद असते, लाँच किनाऱ्याला असतात. आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. त्या दिवसांत रात्रीचे एक जेवण टीव्ही-मोबाईल बंद ठेवून, तिलाही पंगतीत बसवून करावे. वाढायचे काम पोरांना द्यावे.