रोगट मांसाचा तोटा कोणी सोसायचा?

२००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा शासकीय आदेशाने नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई देण्यात आली. २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या दुधाळ गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपयांची मदत राज्य शासनाने जाहीर केली. कत्तलीनंतरच्या तपासणीत रोगट ठरलेली शेळी मात्र या दोन्ही चौकटींबाहेर राहते. ती रोगाने दगावलेली नसते, शासनाने मारलेलीही नसते. तिचे मांस नष्ट करणे लोकांच्या आरोग्यासाठी आवश्यकच आहे. परंतु तोटा एकट्या खाटकाच्या किंवा पशुपालकाच्या माथी येतो.

भोकरदनसारख्या कोरडवाहू तालुक्यात शेळी ही ‘गरिबाची गाय’. तिचे पैसे बुडण्याची धास्ती असेल, तर तपासणी टाळण्याकडेच कल राहणार आणि रोग कोणत्या गावातून आला, हे पशुवैद्यकाला कळणारच नाही. अनुसूचित रोगांची माहिती देणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक केले आहे. परंतु खरे सांगणाऱ्याचेच नुकसान होत असेल, तर सक्ती कागदावरच राहते. म्हणून कानात बिल्ला असलेल्या जनावरांपुरती तरी अंशतः भरपाई द्यावी. हा उपकार नव्हे. रोगाच्या माहितीचे ते मोल आहे.