स्वल्पविराम, आणि ओव्हरटाइम

आमच्या साहेबांना दोनच गोष्टींचा मनस्वी तिटकारा. एक, कारकुनाची रजा. दुसरी, इंग्रजी यादीत शेवटच्या 'अँड'आधी दिलेला स्वल्पविराम. रजा एकवेळ मंजूर होते, स्वल्पविराम नाही. हेड ऑफिसला जायचं माझं प्रत्येक पत्र लाल शाईत न्हाऊन परत येतं. "अहो, 'अँड' आहे ना तिथं? मग हे शेपूट कशाला? शाळेत काय शिकलात?"

शाळेत हेच शिकलो साहेब, म्हणून तर कारकून झालो!

पण मी विचारतो, आपल्या तिजोरीला दोन किल्ल्या कशाला? एकीनं भागत नाही? पैशाचा प्रश्न आला की दुहेरी बंदोबस्त हवाच. समजा, एखाद्या म्हाताऱ्यानं लिहून ठेवलं, रक्कम 'थोरला, मधला अँड धाकटा' यांना सारखी वाटा. वाटण्या तीन की दोन? थोरला म्हणणार, दोन. अर्धी माझी, अर्धी त्या दोघांची! एका शेपटानं तीन भावांचं बोलणं तरी चालू राहिलं असतं.

हे उगाच वाटत असेल तर अमेरिकेत चला. मेन राज्याच्या कायद्यात, कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही याची यादी होती. नाशवंत माल डबाबंद करणं, गोठवणं, साठवणं, आणि शेवटी 'पाठवणीसाठी पॅकिंग ऑर वितरण'. 'ऑर'आधी स्वल्पविराम नाही! ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, "ही सूट पॅकिंगपुरती, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही, नुसता माल पोचवतो. काढा ओव्हरटाइम!" २०१७ साली अपील कोर्टानं त्यांचं म्हणणं मानलं, २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आणि त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमपुस्तकातच होतं, की यादीतल्या शेवटच्या बाबीआधी स्वल्पविराम देऊ नये. म्हणजे आमचे साहेब तिथंही पोचले होते! पुढे कायदा सुधारला तेव्हा यादीभर चक्क अर्धविराम घातले. दुधानं तोंड पोळलं, दुसरं काय!

मी ही हकिकत साहेबांना रंगवून सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "स्वल्पविराम नव्हता म्हणून ड्रायव्हरांचं भलंच झालं ना? मग तुमची तक्रार काय?"

स्वल्पविराम हवाच, हे माझं मत अजून कायम आहे. फक्त आमच्या ओव्हरटाइमच्या नियमांत तो कुठं राहून गेलाय का, ते सध्या मी भिंग घेऊन पाहतोय.