लंडनला निघताना आरोग्याची शिदोरी

दवनीवाड्यासारख्या गावातून मुलगा शिक्षणासाठी लंडनला निघाला की घरात लोणची-पापडांची बांधाबांध सुरू होते. सिकलसेल तपासणीचा अहवाल मात्र क्वचितच कोणाला आठवतो. गोंदिया जिल्ह्यात हा आनुवंशिक आजार आढळतो. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. परंतु रुग्णाला कडाक्याची थंडी किंवा शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी व इंग्रजी अहवाल जवळ ठेवावा. नियमित औषधांची चिठ्ठीही सोबत असावी.

सहा महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसासाठी क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते. व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारामुळे तेथील सरकारी सेवा मिळते; तरीही पोहोचताच घराजवळच्या ‘जीपी’कडे, म्हणजे कुटुंबवैद्याकडे, नाव नोंदवावे. तातडीच्या मदतीसाठी 999, तर सल्ल्यासाठी 111 हा क्रमांक आहे. ताप आल्यास आपण हिवतापाच्या प्रदेशातून आलो, हे आवर्जून सांगावे. हिवाळ्यात ऊन दुर्मीळ. तेव्हा रोज 10 मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला तेथे दिला जातो.

पालकहो, दूरध्वनीवर ‘जेवलास का?’ असे विचाराल, तेव्हा ‘जीपीकडे नाव नोंदवलेस का?’ हेही अवश्य विचारा.