पंखांवरचे पाठभेद

फुलपाखरांची छायाचित्रे काढणाऱ्या आमच्या स्नेह्यांत एक घाई दिसते. पंखावर अनोळखी ठिपका आढळला, की तो लगेच ‘दुर्मीळ’ ठरतो. जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांना ही घाई ओळखीची वाटेल. प्रत्येक वेगळे अक्षर म्हणजे पाठभेद नव्हे. पुष्कळदा तो लेखनिकाचा प्रमाद असतो, नाहीतर कसरीने पाडलेले छिद्र.

‘कॉमन मॉर्मन’ या एकाच जातीच्या माद्या तीन रूपांत आढळतात: एक नरासारखी, दुसरी पक्ष्यांना न रुचणाऱ्या ‘कॉमन रोझ’सारखी, तिसरी ‘क्रिमझन रोझ’सारखी. ‘इव्हनिंग ब्राऊन’च्या पावसाळी रूपात पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखी ठळक वर्तुळे असतात, कोरड्या ऋतूतले रूप थेट वाळके पान. ही विकृती नव्हे, त्या जातीची मान्य परंपराच आहे. आणि खवले झडून फिकटलेला पंख तर निव्वळ वय सांगतो.

मात्र उलट दिशेचा दोष आम्हांस अधिक गंभीर वाटतो. सुबक, अखंड पंखांचीच चित्रे जपायची आणि विजोड ते ‘बिघडले’ म्हणून पुसून टाकायचे! गैरसोयीची पोथी संपादकानेच जाळावी, तसे हे. दोन्ही पंखांची, वरच्या-खालच्या बाजूंची, स्थळ-तारखेसह नोंद ठेवावी. नावाची घाई नको. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिताही अशा एकाकी विकृतींच्या नावांना आपल्या कक्षेत घेत नाही.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, कोण जाणे. डाव्या पंखावर मोठी वर्तुळे आणि उजव्यावर जवळजवळ काहीच नाही, असे एक ‘इव्हनिंग ब्राऊन’ आम्ही संधिप्रकाशात टिपले होते. चित्र धूसर आले, म्हणून त्याच रात्री पुसले.